दारू सोडवणारी झाडं : पुडी आणि पुरावा

मुरबाड तालुक्यातली म्हसा यात्रा पौष पौर्णिमेला सुरू होते आणि जनावरांच्या बाजारासाठी ती दूरवर ओळखली जाते. अशा जत्रांमध्ये जडीबुटीवाल्यापुढे थांबून एखादी बाई हळूच विचारते, "दारू सोडवायचं काही आहे का?" पुडी नवऱ्याला जेवणातून, नकळत द्यायची असते. तिला हसण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. बाकीच्यांच्या घरच्यांनी जायचं कुठे?

झाडांत खरंच असं काही आहे का, हे शास्त्रज्ञांनीही तपासलं आहे. चिनी वैद्यकात दारूवर देतात ती कुडझू वेल अभ्यासून हार्वर्डच्या केउंग आणि व्हॅली यांनी १९९३ साली दाखवलं, की तिच्यातल्या डेडझिनमुळे दारूची आवड असलेले हॅमस्टर निम्म्याहून कमी पितात. आपल्या सह्याद्रीतला विदारीकंद, म्हणजे घोडवेल, हा कुडझूचाच भाऊबंद. कुडझूतलं प्युएरारिन हे दुसरं द्रव्य त्याच्यातही आहे. पण माणसांवरचे निष्कर्ष डळमळीत निघाले. २००० सालच्या एका चाचणीत कुडझूने ओढ कमी झाली नाही. २००५ साली बोस्टनजवळ १४ जणांनी आठवडाभर अर्क घेतला, तेव्हा त्यांनी बिअर कमी प्यायली. ओढ मात्र तशीच राहिली. आफ्रिकेतल्या इबोगा झुडपातलं आयबोगेन आणखी धोक्याचं, कारण त्याने हृदयाची लय बिघडून माणसं दगावली आहेत.

मग कसोटीला उतरलं काय? पहिलं नाव अफूचं. बोंडाच्या चिकातल्या थेबेनवर रासायनिक प्रक्रिया करून नॅलट्रेक्झोन बनवता येतं. १९९४ साली अमेरिकेत त्याला दारूच्या व्यसनावर मान्यता मिळाली. ते पिण्यातली मजा बोथट करतं. मात्र अफूजन्य औषधं घेणाऱ्याला किंवा यकृत निकामी होत आलेल्याला ते चालत नाही, म्हणून चिठ्ठी डॉक्टरचीच हवी.

दुसरं नाव मुरबाड-शहापूरच्या भातगिरणीतलं : कोंडा. त्यातूनच १९२६ साली यान्सेन आणि डोनाथ यांनी जावात थायमिन वेगळं काढलं. न जेवता पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व संपतं, तोल जातो, स्मृती ढासळते. व्यसनमुक्तीच्या उपचारात त्याची इंजेक्शनं देतात. त्याने दारू सुटत नाही, मेंदू वाचतो. आज ते कारखान्यात बनतं, पण वाट कोंड्यानेच दाखवली.

आयुर्वेदालाही हा रोग नवा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला २४वा अध्याय मदात्ययावर, म्हणजे अति मद्यपानाच्या विकारावरच आहे. पण तिथे उपचार करणारा वैद्य रोगी समोर बसवून, दोष पाहून औषध देतो; पाठीमागून आमटीत टाकत नाही.

असं नकळत देणं हीच पुडीची खरी अडचण आहे. शिवाय तिच्यात काय, किती आहे हे कुणालाच माहीत नसतं. आणि पुडीच्या भरवशावर रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो; तेव्हा दवाखाना लागतो. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली उभ्या केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात औषधाइतकंच समुपदेशन आणि घरच्यांचा सहभाग महत्त्वाचा मानला जातो. नॅलट्रेक्झोनही एकटं पुरत नाही.

म्हणून जडीबुटीवाल्याला, आणि डॉक्टरलाही, तीन प्रश्न विचारावेत : यात काय आहे? माणसांवर कधी तपासलं? आणि घेणाऱ्याला ते माहीत आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या दोन्हींची उत्तरं कितीही चांगली असोत, ती पुडी घरी नेऊ नये.