नांगरावरची जहाजं ऋतू सांगतात

मुंबई बंदरात शिरणारं प्रत्येक मोठं जहाज कुलाबा आणि मांडवा यांच्यामधल्या पाण्यातून जातं. न्हावाशेव्याकडे निघालेली कंटेनरची जहाजं, जवाहर द्वीपावर तेल उतरवणारे टँकर, धक्का मोकळा होण्याची वाट पाहत नांगरून राहिलेली मालवाहू जहाजं आणि या सगळ्यांमधून वाट काढणाऱ्या कोळ्यांच्या होड्या. ज्यांच्या घराची खिडकी या पाण्याकडे उघडते, त्यांना हे बारा महिने दिसतं. पाऊस, धुरकं आणि ऊनही त्याच खिडकीतून दिसतं.

जहाजं हा एक देखावा आणि ऋतू हा दुसरा, असं आपण सहसा धरून चालतो. पण पाण्याचा प्रवाह, हवेच्या थरांचं तापमान, हजारो किलोमीटरवरून आलेली लाट या गोष्टी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मोकळ्या समुद्रावर नजरेला धरायला काहीच नसतं. जहाज आलं की मोजायला काहीतरी मिळतं. म्हणून जहाज नीट पाहता आलं, तर ऋतूही वाचता येतो.

नाळ कोणीकडे आहे?

पहिली खूण सर्वांत सोपी आहे. नांगराची साखळी जहाजाच्या नाळेतून, म्हणजे पुढच्या टोकातून, खाली सोडलेली असते. त्यामुळे जहाज नांगराभोवती मोकळं फिरतं आणि ज्या दिशेने पाणी येईल त्या दिशेला तोंड करून उभं राहतं. भरतीचं पाणी बंदरात शिरत असलं की सगळ्या जहाजांच्या नाळा समुद्राकडे असतात. ओहोटी लागली की त्या बंदराच्या आतल्या बाजूला वळतात. मुंबईत एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे साधारण सव्वासहा तासांनी जहाजांचा हा सगळा ताफा पाठ फिरवतो.

दोन्हींच्या मधे पाणी थोडा वेळ स्तब्ध होतं. या वेळात प्रवाहाचा जोर नसल्याने वाऱ्याचं राज्य असतं. रिकामं जहाज पाण्यावर उंच असतं, त्याच्या भिंतीवर वारा जास्त लागतो, म्हणून ते आधी वळतं. मालाने भरलेलं जहाज खोल बसलेलं असतं, ते प्रवाहाचंच ऐकतं. शेजारशेजारची जहाजं वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उभी दिसली, तर समजावं की पाणी फिरतं आहे.

भरतीची वेळ सांगायला कोकणात तिथीची पाऊणपट करतात. अमावस्येला आणि पौर्णिमेला मुंबईत पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. पुढच्या प्रत्येक तिथीला पाऊण तास वाढवायचा. अष्टमीला हिशेब सहाच्या आसपास येतो. चंद्र रोज पूर्वेकडे सुमारे 12 अंश पुढे सरकतो आणि त्याला पुन्हा डोक्यावर आणायला पृथ्वीला साधारण 50 मिनिटं जास्त फिरावं लागतं. पाऊणपटीच्या हिशेबात हेच खगोलशास्त्र आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असते, तेव्हा जहाजं सावकाश वळतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथे पाण्याची चढउतार पाच मीटरपर्यंत जाते आणि तेव्हा साखळ्या ताणल्या जातात.

जहाजाच्या अंगावर कोरलेला पावसाळा

दुसरी खूण जहाजाच्या अंगावरच असते. पाण्यात बुडणाऱ्या भागाला शेवाळ आणि कालवं चिकटू नयेत म्हणून वेगळा रंग देतात, बहुधा तांबडा. हा तांबडा पट्टा रुंद दिसला तर जहाज हलकं आहे, दिसेनासा झाला तर ते भरलेलं आहे. किती भरायचं याची मर्यादाही बाजूवर कोरलेली असते. एकोणिसाव्या शतकात जास्त माल भरल्याने जहाजं बुडत आणि खलाशी मरत. ब्रिटिश खासदार सॅम्युअल प्लिमसोल यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि 1876 मध्ये ब्रिटनमध्ये भाररेषेचा कायदा झाला. आज ही रेषा जगभर पाळली जाते.

रेषा एकच नसते, कारण समुद्र सगळीकडे आणि सगळ्या ऋतूंत सारखा नसतो. उष्णकटिबंधासाठी ‘टी’, उन्हाळी समुद्रासाठी ‘एस’, हिवाळी समुद्रासाठी ‘डब्ल्यू’ अशी अक्षरं असतात. खवळलेल्या समुद्रात जहाजाची भिंत पाण्यावर जास्त उंच हवी, म्हणून माल कमी भरायचा. अरबी समुद्राचा मोठा भाग या नियमात ऋतूप्रमाणे बदलणारा धरला आहे. शांत महिन्यांत जहाजाला ‘टी’ रेषेपर्यंत भरता येतं, पावसाळ्यात ‘एस’ रेषेवर थांबावं लागतं. दोन रेषांमधलं अंतर बुडालेल्या खोलीच्या 48 व्या भागाइतकं असतं. 12 मीटर खोल बसणाऱ्या जहाजाला ते 25 सेंटिमीटर भरतं. एका सेंटिमीटरला साठ टन या हिशेबाने मोसमी वाऱ्यांमुळे दीड हजार टन माल धक्क्यावरच राहतो.

गोड्या पाण्यासाठी ‘एफ’ रेषा असते. समुद्राच्या पाण्याचं एक घनमीटर सुमारे 1025 किलो भरतं, गोड्या पाण्याचं 1000. पावसाळ्यात नद्यांचं पाणी खाडीच्या मुखाशी पसरलं की तेच जहाज, तोच माल घेऊन, थोडं जास्त खोल बसतं.

हवा बदलली की क्षितिज बदलतं

डोळे पाण्यापासून 16 मीटर उंचीवर असले, तर क्षितिज सुमारे 14 किलोमीटरवर असतं. पण 49 मीटर उंचीच्या जहाजाचा माथा 39 किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. दूर जाणाऱ्या जहाजाचा आधी बुडखा दिसेनासा होतो, मग कंटेनरची रास, शेवटी डोलकाठी. पृथ्वीची गोलाई रोज खिडकीतून तपासता येते ती अशी.

हे भूमितीचं गणित हवा मात्र जसंच्या तसं राहू देत नाही. थंड हवा दाट असते, उबदार हवा विरळ, आणि प्रकाश दाट हवेकडे वाकतो. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा जमिनीवरची गार हवा समुद्रावर नेतो. पाणी तिच्यापेक्षा उबदार असतं, त्यामुळे पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा विरळ होते. दूरचं जहाज मग पाण्याला न टेकता हवेत तरंगताना दिसतं, कारण त्याच्या खाली दिसणारी चकाकती फट ही आकाशाची प्रतिमा असते. तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्या मृगजळाचंच हे समुद्री रूप.

मार्च-एप्रिलमध्ये उलटं घडू शकतं. जमिनीवरची तापलेली हवा तुलनेने गार पाण्यावर सरकली, तर प्रकाश खाली वाकतो आणि क्षितिजापलीकडची जहाजंही वर उचललेली दिसतात. ध्रुवाकडच्या समुद्रात हा परिणाम फार जोरदार असतो. 1822 मध्ये ग्रीनलंडजवळ विल्यम स्कोर्सबी या ब्रिटिश दर्यावर्दी वैज्ञानिकाला आकाशात एक उलटं जहाज दिसलं. दुर्बिणीतून त्याने ते ओळखलं. ते त्याच्या वडिलांचं ‘फेम’ होतं. नंतर ताडून पाहिल्यावर कळलं की ‘फेम’ त्या वेळी क्षितिजाच्या बरंच पलीकडे होतं.

हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत अडकून पडते, धूर आणि धूळ वर जात नाही, म्हणून जवळची जहाजंही पुसट होतात. पाऊस सरल्यावर, हवा धुतलेली असताना, तीच जहाजं रेखीव दिसतात. रोज एकाच अंतरावर नांगरणारं जहाज किती स्पष्ट दिसतं, ही हवेच्या स्वच्छतेची साधी आणि विश्वासार्ह चाचणी आहे.

लाट आणि रंग

एप्रिल-मे महिन्यांत कधी कधी वारा पडलेला असतो, समुद्र गुळगुळीत दिसतो, तरीही बंदराबाहेर नांगरलेली जहाजं संथपणे डुलत असतात. ही लाट इथल्या वाऱ्याची नसते. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात वादळं झाली की तिथून लांब लाटा निघतात. 18 सेकंदांनी एक येणारी लाट आपली ऊर्जा ताशी 50 किलोमीटर वेगाने वाहून नेते, म्हणजे आठवडाभरात आठ हजार किलोमीटर. लांब लाटा वेगवान असतात, त्या आधी पोचतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था किनाऱ्याला अशा लाटांच्या सूचना देते. जून आला की चित्र पालटतं. पश्चिमेचा वारा दिवसरात्र वाहतो आणि जहाजं प्रवाहाइतकीच त्याचीही दिशा पाळू लागतात. यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जूनपासून बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, गेटवे-मांडवा लाँच थांबतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पाणी पुन्हा होड्यांनी भरतं.

समुद्राच्या रंगाचाही एक इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. 1921 मध्ये सी. व्ही. रामन ‘नारकुंडा’ जहाजाने इंग्लंडहून परतत होते. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचं प्रतिबिंब आहे, हे तेव्हाचं मत त्यांना पटलं नव्हतं. त्यांनी निकोल लोलकाने पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश रोखून पाहिलं. पाणी तरीही निळं होतं. ‘नेचर’ला पाठवलेल्या त्यांच्या पत्रावर मुंबई बंदराचा पत्ता आणि 26 सप्टेंबर ही तारीख आहे. पाण्यातल्या प्रकाशाच्या विकिरणाचा हा शोध पुढे 1928 च्या रामन परिणामापर्यंत पोचला.

ज्या बंदरात ते पत्र लिहिलं गेलं, तिथलं पाणी मात्र मातकट आहे. जोरदार भरती-ओहोटी गाळाला बसू देत नाही आणि पावसाळ्यात नद्या त्यात भर घालतात. मोठं जहाज गेल्यावर त्याच्या मागे आणखी गडद पट्टा उमटतो, कारण पंख्याने तळाचा चिखल ढवळलेला असतो. नुसत्या त्या पट्ट्यावरून कळतं की जहाजाच्या तळाखाली पाणी फार उरलेलं नाही.

रोज पाहण्याचं मोल

मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीच्या नोंदी 1878 पासून आहेत. हिंदी महासागरातल्या सर्वांत दीर्घ नोंदींमध्ये त्यांची गणना होते. विसाव्या शतकात इथली समुद्रपातळी वर्षाला एका मिलिमीटरच्या आसपास चढत गेली, हे त्यांवरून कळलं. ज्या पाण्याची उधाणाची चढउतार पाच हजार मिलिमीटर आहे, त्यातला एक मिलिमीटर एका वर्षात, एका माणसाला दिसणं शक्यच नव्हतं. तो दिसला, कारण माणसं बदलत गेली तरी जागा तीच राहिली आणि नोंदी चालू राहिल्या.

म्हणून पाण्याकडे खिडकी असणाऱ्यांना एक आग्रहाचं सांगणं आहे. एक वही करा. तारीख, तिथी, वेळ, जहाजांच्या नाळा कोणत्या दिशेला, सर्वांत दूरचं जहाज किती स्पष्ट, क्षितिज रेखीव की तुटलेलं, पाण्याचा रंग कोणता, एवढंच लिहा. घरातल्या मुलांनाही लिहू द्या. काही महिन्यांत भरतीची वेळ पंचांग न उघडता सांगता येईल. काही वर्षांत हवा आणि ऋतू कसे सरकत आहेत, याची तुमच्याच घरातली नोंद तयार होईल, आणि ती पुढच्या पिढीला जिथे सोडली तिथून पुढे नेता येईल.