रक्ताच्या कर्करोगात बिंबाणूंचा कारखाना का बिघडतो?

रक्ताच्या कर्करोगात, म्हणजेच ल्युकेमियात, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात हे सर्वपरिचित आहे. मात्र अनेक रुग्ण डॉक्टरांकडे येतात ते हिरड्यांतून रक्त येते किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके उठतात म्हणून. याचे मूळ अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट या पेशींत असते. रक्त गोठण्यास मदत करणारे बिंबाणू, अर्थात प्लेटलेट, याच पेशी तयार करतात.

निरोगी मज्जेत या पेशी अत्यल्प, सुमारे दहा हजारांत एक असतात. आकाराने मात्र त्या सर्वांत मोठ्या. तांबड्या पेशीचा व्यास साधारण ७ मायक्रोमीटर, तर यांचा ५० ते १०० मायक्रोमीटर. ही पेशी स्वतः विभागली न जाता आपली गुणसूत्रे पुन्हापुन्हा दुप्पट करते. इतर पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. हिच्यात १६, ३२, क्वचित ६४ संच जमतात. मग तिचे लांब धागे मज्जेतील रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांचे तुकडे पडून हजारो बिंबाणू बनतात. जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये हे प्रथम दाखवून दिले. बिंबाणूंचे आयुष्य जेमतेम आठ ते दहा दिवसांचे असल्याने उत्पादन थांबताच तुटवडा जाणवू लागतो.

तीव्र ल्युकेमियात नेमके हेच घडते. अपक्व पेशी मज्जा व्यापून टाकतात, तेथील पोषक वातावरण बिघडवतात आणि मेगाकॅरिओसाइट विरळ होत जातात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख बिंबाणू अपेक्षित असतात. ही संख्या दहा हजारांखाली गेल्यास रक्तस्राव नसतानाही सहसा बिंबाणू चढवले जातात. ही सोय रुळण्यापूर्वी रक्तस्राव हे अशा रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण होते. डेंग्यूतही बिंबाणू घटतात. त्यामुळे केवळ आकडा पाहून कर्करोगाची धास्ती घेणे योग्य नव्हे.

काही रुग्णांत कर्करोग थेट या पेशींच्या पूर्वज पेशींतच उद्भवतो. १९८५ मध्ये त्याला तीव्र ल्युकेमियाच्या वर्गीकरणात ‘एम-७’ हे स्थान मिळाले. यात मज्जेत तंतूंचे जाळे माजते आणि सुईने मज्जा ओढली तरी काहीच हाती लागत नाही. तेव्हा हाडाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांत हा प्रकार विशेष आढळतो. त्यांच्यातील गाटा-१ जनुकाचा दोष २००२ मध्ये उघड झाला. दिलाशाची बाब अशी, की ही बालके उपचारांना तुलनेने चांगला प्रतिसाद देतात.

दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाचे चित्र याच्या अगदी उलट, आणि म्हणूनच फसवे असते. येथे मेगाकॅरिओसाइट बहुधा वाढलेल्या, पण खुज्या असतात. केंद्रकाला पाळी कमी आणि गुणसूत्रांचे संचही कमी. बिंबाणू प्रमाणाबाहेर वाढले, तरी ते सदोष असल्याने रक्तस्राव होऊ शकतो. नोवेल आणि हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये आढळलेले ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ या खुज्या पेशींतही असते. म्हणजे बिघाड पांढऱ्या पेशींपुरता नसून सर्व रक्तपेशींच्या मूळ पेशीत आहे. त्या गुणसूत्रामुळे तयार होणाऱ्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाले. उपचार लागू पडल्यास मज्जेतील मेगाकॅरिओसाइट पुन्हा आपल्या मूळ आकाराच्या दिसू लागतात.