पोटावरचा वण कुठे आणि किती लांब? टमी टकच्या छेदांमागचं गणित

मागच्या भागात आपण जखम भरते कशी यावर बोललो. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसला: टमी टकचा वण किती मोठा राहतो, आणि तो लहान करून मिळतो का? विचारणाऱ्यांपैकी कुणाची दोन बाळंतपणं झालीत, कुणी तीस-चाळीस किलो वजन उतरवलंय. घरी विषय काढला की ‘कशाला नसते उद्योग’ हे ठरलेलं उत्तर. मग उरतं इन्स्टाग्राम, आणि तिथे ‘मिनी’, ‘शॉर्ट स्कार’, ‘हिडन स्कार’ अशा शब्दांचा बाजार.

मी सर्जन नाही. त्वचा ताणली की तिचं काय होतं हा माझ्या संशोधनाचा विषय आहे, त्यामुळे ऑपरेशन करावं की नाही हे मी सांगणार नाही. पण वणाचा आकार कशावरून ठरतो हे कळलं तर कन्सल्टेशनमध्ये तुम्ही योग्य प्रश्न विचाराल. तो आकार मेन्यू कार्डावरून निवडायचा नसतो. जादा त्वचा कुठे आहे, ताण कुठे पडणार आणि रक्त कुठून येणार, या तीन गोष्टी तो बऱ्याच अंशी आधीच ठरवून ठेवतात.

झोळ: लांबी कुठून येते

ब्लाउज शिवताना टेलर टक घेतो, आठवतं? कापडाची पाचर दुमडून शिवली की टकच्या टोकाला कापड फुगतं. ब्लाउजला तो फुगवटा हवाच असतो. पोटावर तो नको असतो.

टमी टकमध्ये सर्जन होडीच्या आकाराचा त्वचेचा तुकडा काढतात आणि वरची कड खाली ओढून खालच्या कडेला शिवतात. होडी आखूड आणि रुंद असेल तर दोन्ही टोकांना त्वचा गोळा होऊन झोळ पडतो. सर्जन याला ‘डॉग इअर’ म्हणतात. तो टाळण्यासाठी ढोबळ नियम असा, की होडीची लांबी रुंदीच्या निदान तिप्पट हवी.

आता हिशेब करा. बेंबीपासून खालपर्यंतची 12 सेंटिमीटर त्वचा काढायची असेल तर तिप्पट म्हणजे 36 सेंटिमीटर. म्हणून पूर्ण टमी टकचा वण एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जातो. 4 सेंटिमीटरच काढायची असेल तर 12-15 सेंटिमीटरमध्ये भागतं, आणि तेच ‘मिनी’. मिनीमध्ये बेंबी आहे तिथेच राहते. ज्यांची सैल त्वचा फक्त बेंबीच्या खाली आणि थोडीच आहे, त्यांना ती ठीक बसते. बेंबीच्या वरही सैलपणा असताना मिनी केली, तर वरचा झोळ तसाच राहतो आणि खालचं पोट सपाट झाल्यामुळे उलट जास्त डोळ्यांत भरतो.

इथे सिझेरियनचा मुद्दा येतो. सिझेरियनचा नेहमीचा आडवा छेद जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हर्मान फानेनश्टील यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो 1900 साली मांडला. ‘त्याच जागी छेद घेऊ, नवा वण नाही’ असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं आहे. जागा बहुधा तीच असते आणि जुना वण काढलेल्या त्वचेसोबत निघूनही जातो. पण नवा वण त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असू शकतो.

ताण: आडवाच का

1834 मध्ये पॅरिसचे सर्जन द्युपुइत्रँ यांनी एका प्रेतावर विचित्र गोष्ट पाहिली. जखमा गोल आरीने झालेल्या होत्या, पण भोकं लांबट दिसत होती. 1861 मध्ये व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी प्रेतांच्या त्वचेला ठिकठिकाणी अशीच भोकं पाडली आणि ती कोणत्या दिशेने लांबतात याचा नकाशाच काढला. त्या लँगर रेषा आजही शिकवतात. त्वचा सगळीकडून सारखी ताणलेली नसते, एका दिशेने जास्त ताणलेली असते. छेद त्या दिशेला समांतर असेल तर त्याच्या कडा कमी ओढल्या जातात आणि वण बारीक राहतो. तो आडवा कापत गेला तर वण रुंदावतो.

पोटावर या रेषा साधारण आडव्या जातात. आडवा छेद पँटीखाली झाकता येतो हे खरंच, पण त्याला हाही आधार आहे.

मग उभा छेद कशाला घेतात? कारण आडव्या होडीने त्वचा फक्त वरून खाली घट्ट होते. खूप वजन उतरल्यावर त्वचा आडव्या दिशेनेही सैल असते, म्हणजे मधोमध चिमटीत पकडली तर मूठभर हाताला येते. अशा वेळी खालच्या आडव्या वणाला मधून एक उभा वण जोडतात. याला ‘फ्लर-द-ली’ म्हणतात आणि दिसायला तो उलट्या टीसारखा असतो. हा वण कपड्यांखाली झाकला जातो, बिकिनीत नाही. कंबर आणि पाठही लोंबत असेल तर छेद पट्ट्यासारखा पूर्ण फिरवून घेतात. सैलपणा फक्त बेंबीच्या वर असेल तर क्वचित स्तनांखालून छेद घेऊन त्वचा वर ओढतात.

आणखी एक लहान वण असतो ज्याबद्दल आधी कुणी सांगत नाही. पूर्ण टमी टकमध्ये बेंबी आतून आपल्या देठाला तशीच धरलेली असते. भोवतालची त्वचा खाली सरकते आणि तिच्यासाठी नवं भोक करतात, म्हणून बेंबीभोवती गोल वण राहतो. जुनं भोक खालच्या छेदापर्यंत पोचत नसेल तर ते शिवावं लागतं आणि मधोमध एक छोटी उभी रेघ उरते. ती टाळायची तर आडवा वण थोडा वर घ्यावा लागतो. इथे मात्र खरोखर तुमची निवड असते, म्हणून आधीच विचारून ठेवा.

रक्त: जुने वण का दाखवायचे

हा भाग नीट वाचा, कारण इथे प्रश्न नुसता दिसण्याचा राहत नाही. 1979 मध्ये अमेरिकन सर्जन ह्यूगर यांनी पोटाच्या त्वचेच्या रक्तपुरवठ्याचे तीन विभाग मांडले. मधला भाग स्नायूंतून वर येणाऱ्या रक्तवाहिन्यांवर जगतो, ओटीपोटाचा भाग जांघेकडून येणाऱ्यांवर, आणि कुशी बरगड्यांखालून व कमरेकडून येणाऱ्यांवर. पूर्ण टमी टकमध्ये त्वचा मधून उचलली जाते आणि खालून कापली जाते. पहिले दोन पुरवठे त्यामुळे बऱ्याच प्रमाणात तुटतात आणि खाली ओढलेली त्वचा मुख्यतः कुशीकडच्या रक्तावर तगते.

आता समजा, कुणाचं पित्ताशयाचं ऑपरेशन जुन्या पद्धतीने, उजव्या बरगडीखाली तिरका छेद घेऊन झालंय. त्या बाजूचा कुशीचा पुरवठा त्या छेदाने आधीच तोडलेला असू शकतो. हे लक्षात न घेता त्वचा उचलली तर वणाच्या खालचा भाग रक्ताविना मरू शकतो. सर्जनला अशा पोटावर आखणी बदलावी लागते, त्वचा कमी उचलावी लागते, कधी नाही म्हणावं लागतं. म्हणून भारतात लहानपणी झालेलं ऑपरेशनसुद्धा सांगा, कागद नसतील तर वण दाखवा.

निकोटिनचा धोकाही याच कारणाने आहे. ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं. सिगरेट, व्हेप, निकोटिन गम, आणि घरातल्या मोठ्यांपैकी कुणाचं ऑपरेशन असेल तर तंबाखू-मशेरी, सगळं यात आलं. ‘फक्त व्हेप करते’ म्हणजे ‘काही घेत नाही’ असं होत नाही.

फॅशनचा वाटा किती

थोडा आहे. 1899 मध्ये बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी पोटाची लोंबती चरबी काढली तेव्हा छेद पोटाच्या मधोमध आडवा होता. वजनाचा त्रास कमी करणं हा उद्देश होता, वण दिसतो की नाही हा प्रश्नच नव्हता. ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी 1967 मध्ये 300 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि वण खाली, झाकला जाईल असा घ्यायची पद्धत रुळली. पुढे उंच कटच्या स्विमसूटबरोबर वणाची टोकं वर चढली, लो वेस्ट जीन्सबरोबर खाली आली. टोकं वर की खाली, वण हसऱ्या ओठांसारखा की सपाट, एवढं तुमच्या कपड्यांवरून ठरू शकतं. म्हणून आखणीच्या दिवशी रोजची अंडरवेअर घालून जा आणि आखणी उभं राहूनच होऊ दे. झोपल्यावर त्वचा पसरते आणि सगळी मापं बदलतात.

वर्षभराचा वण

टाके निघाले म्हणजे वण तयार झाला असं नाही. पहिले काही महिने तो लाल, कडक, थोडा फुगीर असतो. कोलाजेनची पुन्हा मांडणी होत होत तो फिका आणि मऊ व्हायला 12 ते 18 महिने जातात. शेवटीही त्याची ताकद मूळ त्वचेच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंतच पोचते. त्यामुळे सहाव्या आठवड्यातला फोटो पाहून घाबरू नका, आणि दुसऱ्याचा पाच वर्षांनंतरचा फोटो म्हणजे तुमचं पहिलं वर्ष समजू नका.

आपल्या सावळ्या त्वचेत दोन गोष्टी जास्त होतात: वण काळपट पडणं आणि केलॉइड, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढणारी गाठ. तुमच्या अंगावर याचा थोडा पुरावा असू शकतो. कान-नाक टोचल्यावर गाठ आली होती का? दंडावरची बीसीजीची खूण सपाट आहे की फुगीर? आई किंवा भावंडांना केलॉइड आहे का? यावरून नक्की भाकीत होत नाही, पण सर्जनला हे आधी कळायला हवं. सिलिकॉन शीट आणि उन्हापासून जपणं यांचा उपयोग होतो, पण सातत्य लागतं.

भारतात खर्च कमी म्हणून सुट्टीत करून परत येणार असाल तर याच काळाचा विचार करा. लांबच्या विमानप्रवासात रक्ताच्या गुठळीचा धोका असतो, आणि तिसऱ्या आठवड्यात टाका उसवला तर तुम्ही इकडे असाल, सर्जन तिकडे.

तर कन्सल्टेशनला हे चार प्रश्न घेऊन जा. माझी जादा त्वचा नेमकी कुठे आहे, आणि स्नायूही विलग झालेत का? (फक्त स्नायूंचाच प्रश्न असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन बघता येतं.) या छेदाने कुठला सैलपणा तसाच राहील? माझ्या जुन्या वणांमुळे काय बदलावं लागेल? आणि माझ्यासारख्या त्वचेचे, एका वर्षानंतरचे, वण पूर्ण दिसतील असे फोटो आहेत का?

‘वण लहान ठेवू’ हे ऐकायला गोड वाटतं. त्यावर लगेच विचारा, ‘मग काय तसंच राहील?’