कारखान्याचे स्वयंचलित दफ्तर आणि मराठी भाषा

पुण्याच्या पेशवे दफ्तराशी ज्यांचा अल्पसा परिचय आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते : कागद सुरक्षित असणे आणि कागद हाती लागणे या सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. रुमालांत बांधलेले मोडी कागद दीर्घकाळ जागच्या जागी होते; परंतु १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागद पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सामान्य अभ्यासकाच्या आटोक्यात आले. हाच भेद आज पुण्याच्या शेजारी, पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांपुढे नव्या रूपात उभा आहे. त्यांचे दफ्तर रुमालांत नसून कंपनीच्या अंतर्गत संगणकजाळ्यावर, म्हणजे इंट्रानेटवर, असते. हे दफ्तर आपोआप चालावे म्हणून जी व्यवस्था उभारली जाते तिचे स्वरूप काय, आणि तिच्यात मराठीची गती काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. त्याचे मर्म मात्र भाषिक आहे.

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे पिंपरी, आकुर्डी, भोसरी या परिसरात यंत्रे, मोटारी व त्यांचे सुटे भाग यांचे कारखाने वाढत गेले. पुणे-नाशिक रस्त्याने हा विस्तार चाकणपर्यंत पोहोचला. फोक्सवागन या जर्मन कंपनीचा तेथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने येथे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे आयएसओ ९००१ सारख्या मानकाचे प्रमाणपत्र असावे अशी ग्राहकाची अपेक्षा असते. त्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत असे सांगितले आहे की, आवश्यक लिखित माहिती हवी तेथे व हवी तेव्हा, वापरण्यायोग्य स्वरूपात उपलब्ध असली पाहिजे आणि तिच्यातील बदलांवर नियंत्रण असले पाहिजे.

या अपेक्षेची पूर्ती करणाऱ्या व्यवस्थेचे कार्य थोडक्यात असे असते. नवा दस्तऐवज सर्व्हरवर आला की त्यास क्रमांक मिळतो. त्याचा विभाग, प्रकार, कर्ता, तारीख व आवृत्ती यांची नोंद होते. मग तो मान्यतेसाठी संबंधित अधिकाऱ्यांकडे क्रमाने जातो. मान्यता मिळताच नवी आवृत्ती शॉप फ्लोअरवरील संगणकावर दिसू लागते व जुनी मागे घेतली जाते. कोणी काय पाहावे, कोणी काय बदलावे, हे अधिकारांनुसार ठरते. शेवटी, मजकुरातील शब्दांची सूची तयार होते, आणि तिच्या आधारे शोध घेता येतो. यांतील पहिल्या टप्प्यांत यंत्र क्रमांक व तारखा हाताळते. तेथे ते सहसा चुकत नाही. शेवटच्या टप्प्यात मात्र ते शब्द हाताळते, आणि अडचण तेथे सुरू होते. कारण यंत्र अर्थ ओळखत नाही. ते चिन्हांची जुळणी करते.

मराठीत ही जुळणी तीन ठिकाणी बिघडते. पहिले ठिकाण लिपीचे. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. पण त्यानंतरही अनेक वर्षे कार्यालयांतून अशा फाँटांत टंकन होत असे की ज्यांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या होत्या. असा दस्तऐवज माणसाला मराठी दिसतो. यंत्राच्या लेखी तो निरर्थक रोमन अक्षरांचा समूह असतो. नुसते स्कॅन केलेले पान तर त्याला चित्रच वाटते. युनिकोडमध्येही पेच संपत नाही. ‘ॲसिड’ या शब्दातील पहिले अक्षर ‘अ’ आणि अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिता येते, किंवा २००८ मध्ये समाविष्ट झालेल्या एकाच स्वतंत्र चिन्हाने. ‘कर्मचाऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्या’ लिहिण्याचेही दोन मार्ग आहेत. डोळ्याला भेद कळत नाही. परंतु युनिकोडने ही रूपे परस्परांशी समतुल्य ठरविलेली नाहीत. परिणामी, ज्या व्यवस्थेत ती एकरूप करून घेतलेली नाहीत, तेथे एका पद्धतीने टंकलेली ॲसिडसंबंधीची सूचना दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्यास सापडत नाही.

दुसरे ठिकाण रूपविचाराचे. ‘मोल्ड’ या इंग्रजी शब्दाला अनेकवचनाचा प्रत्यय लागला तरी मूळ शब्द अखंड राहतो. मराठीत प्रत्ययापूर्वी सामान्यरूप होते : ‘साचा’, परंतु ‘साच्याची देखभाल’, ‘साच्यांवरील तेल’. ‘साचा’ शोधणाऱ्या यंत्रास ‘साच्याची’ हे रूप परके वाटते. उपाय म्हणून केवळ ‘साच’ एवढाच अंश शोधावा, तर ‘जमिनीवर साचलेले तेल’ हेही हाती येते. तेव्हा मराठीची सामान्यरूपे मूळ शब्दाकडे नेणारे नियम व अपवादांची यादी व्यवस्थेस पुरविल्याखेरीज गत्यंतर नाही. आणि हे काम व्याकरण जाणणाऱ्याचे आहे.

तिसरे ठिकाण शब्दसंग्रहाचे. एकाच वस्तूला ड्रॉइंगवर एक नाव, खरेदी विभागात दुसरे आणि यंत्रावरच्या कामगाराच्या तोंडी तिसरे, असे सर्रास घडते. साचा, डाय व मोल्ड यांच्या अर्थछटा तज्ज्ञ वेगळ्या सांगेल. पण शोधणारा तज्ज्ञच असेल असे नाही. येथे नवा संस्कृत प्रतिशब्द घडविल्याने काही साधत नाही. प्रत्येक संकल्पनेस एक मुख्य शब्द ठरवावा आणि प्रचारातील बाकीचे सर्व शब्द त्याकडे निर्देश करतील अशी यादी ठेवावी. कोशकारास ही रीत जुनीच आहे.

तथापि सर्वांत गंभीर दोष शोधाचा नाही. तो भाषांतराचा आहे. समजा, एका प्रेसवरील कामाची सूचना मुळात इंग्रजीत लिहिली गेली आणि कामगारांसाठी तिचे मराठी भाषांतर झाले. दोहोंची नोंद स्वतंत्र क्रमांकांनी झाली. पुढे अपघाताची शक्यता ध्यानात येऊन इंग्रजी सूचनेत एक पायरी वाढविण्यात आली : साच्यात हात घालण्यापूर्वी वीज तोडून कुलूप लावावे. व्यवस्थेने इंग्रजीची तिसरी आवृत्ती मागे घेऊन चौथी प्रसृत केली. मराठी सूचना तिच्या लेखी वेगळा दस्तऐवज. तिला कोणी स्पर्श केला नाही. ती आजही ‘मान्य’ आहे. लेखापरीक्षक इंग्रजी प्रत पाहून संतुष्ट होतो, आणि रात्रपाळीचा कामगार मराठी प्रत वाचून हात आत घालतो. येथे यंत्राने कोणतीही चूक केलेली नाही. भाषांतर हे मूळ संहितेवर अवलंबून असते, हा संबंध त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

यावरील उपाय कठीण नाही. मूळ व भाषांतर यांस एकच क्रमांक द्यावा, व भाषेचा निर्देश केवळ उपांगाने करावा. मूळ बदलताच भाषांतर आपोआप स्थगित व्हावे, आणि त्याच्या जागी ‘सुधारणा चालू आहे, सुपरवायझरला विचारा’ एवढेच दिसावे. मराठी प्रत तयार होऊन तपासली जाईपर्यंत इंग्रजीची नवी आवृत्तीही लागू समजू नये. यामुळे काम थोडे थांबेल, ही तक्रार येईल. तिचे उत्तर वरील उदाहरणातच आहे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने, कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे बंधन घातले होते. त्या काळी सूचना फलकावर असे. ती जुनी झाली तर निदान कागद पिवळा पडत असे. पडद्यावरची सूचना कधीच पिवळी पडत नाही. तिचे वय वाचणाऱ्यास कळावे, ही जबाबदारी आता व्यवस्था उभारणाऱ्यांवर येते. त्या कामात अभियंत्याच्या शेजारी भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास जागा आहे. सामान्यरूपांचे नियम, शब्दांच्या याद्या आणि भाषांतरांची तपासणी ही कामे आपल्या विभागापासून तासाभराच्या वाटेवर पडून आहेत. ती आपण केली नाहीत, तर मराठी दफ्तरात राहील, पण सापडणार नाही.