सरावशिबिरातील दुखापतीचा भार कोणाच्या माथी?

भारतीय फुटबॉल संघाचे नवे प्रशिक्षक खालिद जमील यांचे पहिले सरावशिबिर १५ ऑगस्ट २०२५ रोजी बंगळुरूत सुरू झाले, तेव्हा मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. क्लबवर टीकेची झोड उठली. ती एकांगी होती.

बचावफळीने एकाच क्षणी पुढे सरकणे, कॉर्नरच्या वेळी कोणी कोणाला रोखायचे, या गोष्टी अकरा विरुद्ध अकरा असा पूर्ण वेगाचा सराव केल्याविना अंगवळणी पडत नाहीत. २०२३च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सामन्याच्या आदल्या दिवशी हांगझोऊला पोहोचलेला आपला संघ चीनकडून १-५ असा हरला. संघही घाईने जमवलेला होता, हे खरेच. मात्र, धडक, अचानक थांबणे, वळणे यांमुळे स्नायू आणि गुडघे दुखावण्याचा धोकाही याच सरावात अधिक.

मग दुखापतीची किंमत कोण मोजणार? जायबंदी खेळाडूच्या वेतनाची क्लबला भरपाई देणारी ‘फिफा’ची योजना आहे; परंतु ती अधिकृत आंतरराष्ट्रीय कालावधीपुरती, तीही खेळाडू २८ दिवसांहून अधिक काळ मैदानाबाहेर राहिला तरच. त्या वर्षी सप्टेंबरचा कालावधी १ तारखेला सुरू झाला. म्हणजे शिबिराचे पहिले दोन आठवडे या कवचाबाहेरच!

या दिवसांचा विमा महासंघाने उतरवावा. क्लबांनीही खेळाडूंच्या सामन्यांच्या आणि जुन्या दुखापतींच्या नोंदी शिबिरातील फिजिओंना आधीच द्याव्यात. थकलेल्यांना वगळून उरलेल्यांचा पूर्ण सराव मग घेता येईल.