कार्ल्याचे खांब

कार्ल्याचे बौद्ध लेणे पाहावयास प्रवाशाने दुपार कलल्यावर जावे. चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेस असल्याने उतरते ऊन मोठ्या गवाक्षातून आतील स्तूपाकडे येते. मळवली स्टेशनावर उतरून डोंगर चढले की एकवीरा देवीच्या देवळाशेजारीच हे लेणे लागते. आत सुमारे १२४ फूट लांबीचे दालन, दुतर्फा खांबांच्या रांगा आणि छतास जवळजवळ दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी.

आम्हांस अधिक मोलाचे वाटले ते तेथील ब्राह्मी लेख. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केले, असे एक लेख सांगतो. परंतु हे एकट्या धनिकाचे काम नव्हे. धेनुकाकटाच्या यवनांनी एकेक खांब दिला. तेथीलच सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दार दिले. माणसे निरनिराळी, छत एकच!

जुन्या लेण्यांतून काही प्रवासी चाकूने आपली नावे कोरतात. ज्याने खांब दिला त्याचे नाव तेथे शोभते; आपण पाहुणे. आपले नाव मागे राहावे असे वाटत असेल, तर आपल्या गावच्या शाळेचा वा दवाखान्याचा एखादा खांब उभारावा.