माहिती चौकट : चिखलदऱ्याच्या धुक्यात स्वतंत्र कॅमेरा

सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेल्या चिखलदऱ्याचा व्लॉग करू इच्छिणाऱ्याने केवळ फोनवर भिस्त न ठेवता लहानसा स्वतंत्र कॅमेरा का बाळगावा, याची ही कारणे.

प्रकाश : सोनीने २०२० साली खास व्लॉगसाठी आणलेल्या, २९४ ग्रॅम वजनाच्या झेडव्ही-१ मधील १३.२ × ८.८ मिलिमीटरचा सेन्सर बहुतेक फोनांतील सेन्सरहून मोठा असल्यामुळे, भीमकुंडावर धुके दाटून उजेड मंदावला तरी चित्र तुलनेने स्वच्छ येते.

ध्वनी : पंचबोल पॉइंटवर हाकेला दरीतून मिळणारे प्रतिसाद श्रोत्यांपर्यंत पोहोचावेत यासाठी मायक्रोफोनवर बसवायचे केसाळ वातरोधक आवरण या कॅमेऱ्यासोबतच मिळते, आणि त्यामुळे वाऱ्याची घरघर बरीच आटोक्यात राहते.

बॅटरी : ती बदलता येत असल्याने जादा बॅटरी जवळ बाळगून फोनचा चार्ज नकाशा व संपर्क यांसाठी राखून ठेवता येतो.

मर्यादा : चालताना होणारे चित्रण स्थिर ठेवण्यात चांगले फोन पुष्कळदा सरस ठरतात, शिवाय हा कॅमेरा जलरोधक नाही. म्हणून पावसाळ्यात घाट चढण्यापूर्वी जलरोधक पिशवीची तजवीज अवश्य करावी.